बाळाच्या टाळूवर कातडीच नाही: ऑपरेशन करायचं की वाट बघायची?

सातरस्ता_मानसी | १३ मार्च २०२४, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, पण आज फार काळजीने लिहितेय. काल पहाटे धाकट्या बहिणीला मुलगी झाली, इथेच सोलापुरात. नॉर्मल डिलिव्हरी, वजन दोन किलो आठशे, जन्मल्या जन्मल्या रडली. पुसून आणली तेव्हा माझी नजर डोक्यावर गेली. टाळूच्या जरा मागे, भोवऱ्याजवळ, रुपयाच्या नाण्याएवढी जागा, आणि तिथे कातडीच नाही. वर एक पातळ चकचकीत पापुद्रा, कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये असतो ना तसा, आणि त्याखाली लालसर ओलं. कडा अगदी रेखीव, नाणं ठेवून पेन्सिल फिरवल्यासारख्या.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, अप्लेशिया क्युटिस कंजेनिटा. म्हणाले, लहान आहे, भरून येईल. संध्याकाळी दुसरे डॉक्टर राऊंडला आले, ते म्हणाले एकदा पुण्याला प्लास्टिक सर्जनला दाखवून घ्या. घरात लगेच दोन तट पडले.

त्याहून वाईट म्हणजे बहिणीच्या सासूबाई. २८ ऑक्टोबरला कोजागिरी होती आणि त्याच रात्री चंद्रग्रहणही होतं, आठवत असेल. बहिणीने त्या संध्याकाळी मसाला दुधासाठी बदाम-पिस्ते कापले होते. आता सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगतायत, 'हिने सुरी धरली म्हणून पोरीची कातडी कापली गेली.' बहीण बाळाला पाजताना रडते आणि पदराने बाळाचं डोकं झाकून घेते.

मालिशवाल्या बाई पाचव्या दिवसापासून यायच्या आहेत. टाळू भरायची की नाही? सोलापुरात कुणाला असा अनुभव आहे का? काहीही माहीत असेल तर लिहा.

शेंगाचटणी | १३ मार्च, ११.५२

मानसी, आधी एक. टाळूवर तेल अजिबात घालू देऊ नकोस. बाईंना आजच फोन करून ठेव. बाकीचं जाणकार सांगतीलच. बाळाला आणि आईला खूप आशीर्वाद.

भीमाकाठ | १४ मार्च, ६.१५

पोरी, घाबरू नको. आमच्याकडे पंढरपूर भागात जखमेवर घरच्या गाईचं तूप आणि हळद लावायचे. माझ्या पुतण्याला डोक्याला लागलं होतं तेव्हा आठ दिवसांत खपली धरली होती. मधही चालतो.

एसएनसीयूवाली | १४ मार्च, ७.३०

काका, तुमची माया कळते, पण इथे हळद-तूप-मध काहीच नको. पुतण्याच्या डोक्याला खोक पडली तेव्हा आजूबाजूला धड कातडी होती आणि तो मोठा होता. हे दोन दिवसांचं बाळ आहे. हळद घातली की जखम पिवळीधम्मक होते, लाली आली की पू झाला हे आम्हाला दिसतच नाही. घरच्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत बाळाला चाटवायलाही नको म्हणतो.

मानसी, मी एकोणीस वर्षं नवजात बालकांच्या कक्षात काम करते, अशी बाळं सांभाळलीत. काय करतात ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे काय चाललंय ते तुला ताडून बघता येईल. तो पापुद्रा निसर्गाने दिलेली पट्टी आहे. तो ओढायचा नाही, चोळायचा नाही, नखाने उचलायचा तर नाहीच. सलाइनने हलक्या हाताने ओलं करून, न चिकटणारं व्हॅसलीनचं गॉज ठेवतात, वर सुती घडी, आणि ते सगळं धरून ठेवायला जाळीची टोपी. चिकटपट्टी बाळाच्या कातडीला लावायची नाही. गॉज बदलताना चिकटलं असेल तर सलाइन टाकून दोन-तीन मिनिटं थांबायचं, सुटतं आपोआप. जखम ओलसर राहिली पाहिजे. कोरडी पडून वर काळी कडक खपली धरली की ती तडकते, आणि तडकली की रक्त येतं. बाळाला त्या बाजूला डोकं टेकवून झोपवू नका.

लगेच दवाखाना कधी, तर थेंबभर का होईना ताजं रक्त, वास, पू, ताप किंवा उलट अंग गार पडणं, दूध ओढायचं बंद होणं, टाळू फुगलेली दिसणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि बहिणीला सांग, डोकं झाकू नको. बघू दे लोकांना.

कातडीचा_डॉक्टर | १४ मार्च, १४.०५

सिस्टरांनी उत्तम लिहिलंय. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. बाळाला तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण या आजाराबद्दल जे माहीत आहे ते सांगतो.

हा प्रकार नवा नाही. वैद्यकात १७६७ साली कॉर्डन यांनी पहिल्यांदा त्याची नोंद केली. साधारण दहा हजार बाळांमागे एक ते तीन बाळांत दिसतो. दहातल्या आठांहून अधिक बाळांत तो डोक्यावर असतो आणि त्यातही बहुतेकदा भोवऱ्यापाशी, म्हणजे मानसीताईंनी लिहिलंय तिथेच. १९८६ साली इलोना फ्रीडन यांनी याचे नऊ गट पाडले, ते आजही वापरतात. डोक्यावर एकच डाग, बाकी बाळ ठणठणीत, हा सगळ्यात नेहमीचा गट.

आता तुम्ही तुमच्या डॉक्टरांना या गोष्टी विचारा. डागाभोवती काळ्या, लांब, दाट केसांचं कडं आहे का? आम्ही त्याला केसांची कॉलर म्हणतो. ती असेल तर खाली मेंदूशी जोडलेलं काही आहे का हे एमआरआय करून बघावं लागतं, आणि तोवर तिथे सुई किंवा बायॉप्सी करायची नसते. कॉलर नसली तरी खालचं हाड शाबूत आहे का हे सोनोग्राफीने बघून घ्यावं. डोक्यावर डाग असलेल्या काही बाळांत कवटीतही पोकळी असते. हातापायाची बोटं पूर्ण आहेत का, नखं आहेत का? बोटं आखूड आणि टाळूवर डाग असं एकत्र आलं तर तो ॲडम्स-ऑलिव्हर सिंड्रोम नावाचा जन्मजात आजार असू शकतो, १९४५ पासून माहीत असलेला. आधी जुळं होतं आणि त्यातलं एक मधेच गेलं, असं सोनोग्राफीत आलं होतं का? आणि गरोदरपणात बहिणीला काही औषधं चालू होती का, विशेषतः थायरॉइडची?

दोन सेंटिमीटरच्या आसपासची, हाड शाबूत असलेली जखम बहुतेक वेळा कडेकडेने आत भरत येते. आठवड्यांत येते, कधी महिने लागतात. मागे गुळगुळीत चट्टा राहतो आणि त्यावर केस येत नाहीत.

मंगळवेढा_ज्वारी | १४ मार्च, १५.२०

आमच्या शेजारच्यांनी भाजल्यावरचं पांढरं मलम लावलं होतं एका बाळाला, सिल्व्हरचं. ते लई चांगलं म्हणतात. घरात बेटाडिन पण असतंच की.

कातडीचा_डॉक्टर | १४ मार्च, १५.४८

मंगळवेढा, चांगलं झालं विचारलंत, कारण ही दोन्ही घराघरांत असतात. त्या पांढऱ्या मलमात सल्फा असतं. उघड्या जखमेतून ते अंगात उतरतं आणि नवजात बाळाच्या काविळीत मेंदूला धोका वाढवू शकतं. डॉक्टर काही वेळा विचार करून वापरतात, पण आपल्या मनाने नको. बेटाडिनमधलं आयोडीनही बाळाच्या अंगात शोषलं जातं आणि त्याच्या थायरॉइडचं काम मंदावतं. मोठ्या माणसाला चालतं ते बाळाला चालेलच असं नाही.

कोथरूडकर_पण_मूळचा_बार्शीचा | १४ मार्च, २१.१०

'भरून येतं, थांबा' हे वाक्य सरसकट कुणी घेऊ नये म्हणून लिहितोय. माझ्या चुलतभावाच्या मुलाचा डाग तळहाताएवढा होता आणि खाली हाड नव्हतं. जिथे जन्म झाला तिथे सांगितलं, कोरडं ठेवा, भरेल. तीन दिवसांत वर काळी साल धरली. पाचव्या दिवशी ती कडेने उकलली आणि रक्त लागलं. टाळूखाली मेंदूवरून मधोमध एक मोठी शीर जाते, तिच्यातूनच ते रक्त येत होतं. वहिनी बोटाने दाबून धरून ॲम्ब्युलन्समध्ये बसली. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, बोट हललं नाही तिचं. टेंभुर्णीला गाडी थांबवली नाही, इंदापूरला थांबवली नाही. पुण्यात सर्जननी बाजूची कातडी सरकवून शीर झाकली आणि मांडीची कातडी काढून, सरकवल्यामुळे उघडी पडली त्या जागेवर लावली. पोरगा आज नववीत आहे. पण एका बाळाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका एवढंच म्हणणं.

कातडीचा_डॉक्टर | १४ मार्च, २१.३५

अगदी बरोबर, आणि हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. मोठा डाग, खाली हाड नाही, शीर उघडी, यांपैकी काहीही असेल तर 'बघू' म्हणायचं नाही, पहिल्या दिवसापासून सर्जन सोबत असायला हवा. चार सेंटिमीटरच्या पुढच्या डागांबाबत बरेच सर्जन लवकर झाकण्याच्या मताचे असतात, काही जण तिथेही आधी ओल्या ड्रेसिंगवर ठेवतात. आमच्यातही एकमत नाही. पण कोरडं ठेवा हा सल्ला कुणीच देऊ नये.

सातरस्ता_मानसी | १५ मार्च, १३.००

सगळ्यांचे कसे आभार मानू. सकाळी डॉक्टरांना एकेक विचारलं. केसांची कॉलर नाही. बोटं दहा-दहा, नखं आहेत. जुळं नव्हतं. सोनोग्राफी झाली, हाड शाबूत आहे. मोजून घेतलं, एकवीस मिलिमीटर.

पण थायरॉइडचं विचारलंत तिथे पोटात गोळा आला. बहिणीला लग्नाआधीपासून थायरॉइड वाढलेला होता, तो कमी करायची गोळी, कार्बिमाझोल, चालू होती. दिवस गेल्याचं तिला दीड महिन्याने कळलं, तोवर रोज एक गोळी घेत होती. मी हे अजून कुणालाच बोलले नाही. ग्रहण गेलं आणि गोळी आली, असं होणार का आता? सासूबाईंना कळलं तर?

एसएनसीयूवाली | १५ मार्च, १३.२२

डॉक्टर औषधाचं सांगतील. मी बाईमाणूस म्हणून सांगते. त्या पोरीने डॉक्टरने दिलेली गोळी वेळेवर घेतली. वाढलेला थायरॉइड गरोदरपणात तसाच सोडला तर गर्भ पडू शकतो, रक्तदाब वाढतो, आईच्या हृदयावर येतं. गोळी घेतली म्हणून दोघी आज समोर आहेत, असंही असू शकतं. हे तिला तुझ्या तोंडून कळू दे, दारात उभ्या असलेल्या शेजारणीकडून नको.

कातडीचा_डॉक्टर | १५ मार्च, १६.४०

कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर त्याचं मेथिमाझोल होतं. पहिल्या तीन महिन्यांत मेथिमाझोल घेतलेल्या आयांच्या काही बाळांत हा टाळूवरचा डाग आढळला आहे. म्हणूनच दिवस जाण्याचा बेत असेल तर आधीच डॉक्टरशी बोलून पहिल्या तिमाहीसाठी बहुतेकदा प्रोपिलथायोयुरासिल या दुसऱ्या गोळीवर बदलतात. त्याचेही यकृतावरचे धोके आहेत, म्हणून तेही डोळे मिटून नाही. ही गोळी घेणाऱ्या बहुसंख्य बायकांची बाळं असा डाग नसलेलीच जन्मतात, आणि थायरॉइडची गोळी कधीही न घेतलेल्या आयांच्या बाळांतही हा डाग दिसतो. तेव्हा तुमच्या भाचीचा डाग गोळीमुळेच, असं मीही म्हणू शकत नाही.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: थायरॉइडची गोळी घाबरून आपल्या आपण बंद करू नका. दिवस जाण्याआधी डॉक्टरकडे जा, एवढंच.

शेंगाचटणी | १५ मार्च, १७.०५

मानसी, सासूबाईंना एवढंच विचार. ते कोजागिरीचं ग्रहण सगळ्या भारतातून दिसलं. त्या रात्री पोटुशी असलेल्या किती बायांनी दुधात पिस्ते कापून घातले असतील? मीच त्यातली एक. माझा मुलगा फेब्रुवारीत झाला, डोक्यावर भरपूर जावळ घेऊन.

आशाताई_अक्कलकोट | १६ मार्च, ८.५०

मी आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. एका वाडीवर तिसऱ्या दिवशी गेले, बाळ कुंचीत गुंडाळलेलं. टोपडं काढा म्हटलं तर आजी म्हणे, 'नगं, दृष्ट लागंल.' मी चहा घेतला, बसले, बाळाचं वजन करायचंय म्हटलं, तवा कुठं टोपडं निघालं. आत डोक्यावर हळद आन कुंकू लिंपलेलं, आन टोपड्याचा कपडा जखमेला वाळून चिकटलेला. मी ओढला नाही. उकळून गार केलेलं पाणी थेंब थेंब सोडत बसले. अर्धा तास लागला. मग १०२ ला फोन, आन सिव्हिलला.

नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या, नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे, २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. जन्मतः व्यंग असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढं पाठवता येतं. पैशापायी घरात लपवू नका. टोपड्याखाली तर मुळीच नको.

पूर्वभागातला | १६ मार्च, २३.१५

गेले तीन दिवस वाचतोय, आज लिहितो. माझ्या मुलीचा आजार वेगळा आहे, पण तीही कातडी नसलेलीच जन्मली.

आमचे चार यंत्रमाग, टॉवेलचे. लेक मे महिन्यात झाली, सोलापूरचा मे. डाव्या पायावर गुडघ्याखालून घोट्यापर्यंत आतल्या अंगाने कातडी नव्हती. लालभडक, चकाकणारं, आणि वरची कड अशी की जणू पायमोजा अर्धा ओढून कुणी तसाच सोडलाय. डॉक्टर म्हणाले जन्मताना घासलं असेल. नियमाप्रमाणे पायाचा ठसा घेतला, आणि टाचेची शाई पुसताना कापसाबरोबर टाचेची कातडी आली. मग सलाइनची चिकटपट्टी काढली, मनगटाची आली. तेव्हा सगळे थांबले. दवाखान्याचं नाव घेत नाही. त्यांनी मुद्दाम केलं नाही, त्यांनी आधी पाहिलंच नव्हतं. पण त्या दिवसाचे दोन चट्टे अजून तिच्या मनगटावर आहेत.

नंतर बायॉप्सी आणि जनुकांची तपासणी झाली. एपिडर्मोलायसिस बुलोसा, म्हणजे जरा घासलं तरी कातडी सुटते आणि फोड येतात तो आजार, त्यातला डिस्ट्रॉफिक प्रकार. सात नंबरचं कोलॅजन असतं, ते कातडीच्या दोन थरांना टाक्यासारखं धरून ठेवतं. तिच्यात ते टाकेच नाहीत. मी विणकर आहे, मला लगेच कळलं. ताणा आहे, बाणा आहे, पण धरून ठेवणारं काही नाही, ओढलं की सुटतं. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात तसं लग्न होतं. दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती, आम्हाला दोघांना काही त्रास नाही, पण प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही. आता माझ्या भावकीत लग्नाची बोलणी असली की मी जाऊन सांगतो. राग येतो लोकांना. तरी सांगतो.

जे शिकलो ते लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, मऊ गादीसकट. चिकटपट्टी नाही, मनगटाचा पट्टा नाही, नाळेची प्लास्टिकची चिमटी काढून दोऱ्याने बांधायला सांगा. काचेच्या पेटीतली ऊब आणि दमट हवा याने फोड वाढतात, बाळ अपुऱ्या दिवसांचं नसेल तर पेटी लागतेच असं नाही, डॉक्टरांना विचारा. फोड आला की निर्जंतुक सुईने खालच्या बाजूने टोचायचा, पाणी जाऊ द्यायचं, वरचं कातडं काढायचं नाही. न फोडला तर तो पसरत जातो. कपडे उलटे घालायचे, शिवण बाहेर. आईचं जुनं, शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं सगळ्यात चांगलं.

मी दिवसाला कितीतरी टॉवेल विणतो. माझ्या लेकीला त्यातला एकही चालत नाही. त्याचे फंदे तिला लागतात. आंघोळीनंतर मी तिला लुगड्याच्या तुकड्याने टिपतो, पुसत नाही. टिपणं आणि पुसणं यातला फरक मला तिने शिकवला.

सहा वर्षांची आहे. पहिलीत जाते, मराठी माध्यम. घरी तेलुगू, शाळेत मराठी, कुत्र्याशी कन्नड.

सातरस्ता_मानसी | १७ मार्च, ७.००

दादा, रात्रभर झोप लागली नाही वाचून. लेकीला माझे खूप आशीर्वाद. डॉक्टर, एक भीती मनात आली, आमच्या बाळाला हेच नाही ना?

कातडीचा_डॉक्टर | १७ मार्च, ९.१०

डाग फक्त टाळूवर, गोल, पापुद्र्याचा, आणि हाताळल्यावर अंगावर कुठेही फोड नाहीत, असं असेल तर ती शक्यता फार कमी. बाळाला आंघोळ घातल्यावर हातापायांवर फोड आले का एवढं बघत राहा.

पूर्वभागातल्या दादांना: पायावर कातडी नसलेल्या आणि फोड येणाऱ्या एका कुटुंबाची नोंद अमेरिकेत ब्रूस बार्ट यांनी १९६६ मध्ये केली होती, तेव्हापासून हे चित्र ओळखीचं आहे. तुमच्या हातून जी काळजी घेतली जातेय, ती कुठल्याही मोठ्या केंद्राइतकीच नेमकी आहे. पुढचंही काम चालू आहे. जर्मनीत बोखुमला याच आजाराच्या सात वर्षांच्या एका सीरियन मुलाची सुमारे ८० टक्के कातडी त्याच्याच दुरुस्त केलेल्या पेशींतून वाढवून बसवली. इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटाने ती वाढवली आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याचा प्रकार तुमच्या लेकीपेक्षा वेगळा होता. सात नंबरच्या कोलॅजनचं जनुक जखमेत पोचवणारं जेल अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. आपल्या परवडण्यापासून ते फार लांब आहे, पण हे लांबचं आज खरं झालंय, एवढं तुम्हाला माहीत असावं.

मंगळवेढा_ज्वारी | १७ मार्च, १०.३०

आमच्या आजीच्या माहेरी, कर्नाटकात, कातडं गेलेल्या माणसाला केळीच्या पानावर झोपवायचे. हे खरं का थाप?

एसएनसीयूवाली | १७ मार्च, १०.५५

खरं आहे. पान गुळगुळीत, गार, ओलं आणि चिकटत नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा रीतसर अभ्यास झालाय, बदलताना कमी दुखतं असं दिसलं. पण ते पान तिथे निर्जंतुक करून वापरतात. बागेतलं तोडून बाळाखाली घालायचं नाही.

भीमाकाठ | १७ मार्च, ११.४०

म्हणजे आजीचं निम्मं बरोबर. माझं तूप मात्र मी मागे घेतो, सिस्टर. काल नातसुनेलाही सांगितलं, बाळाला मध चाटवायचा नाही म्हणून.

गजरेवाली | १८ मार्च, २२.२०

मानसी, तुझा प्रश्न मागे राहिला असं वाटलं म्हणून लिहिते. मी चौतीस वर्षांची. माझ्या टाळूवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा चट्टा आहे, जन्मापासूनचा. तिथे केस नाहीत. बोटाने चाचपला तर रेशमी लागतो, आजूबाजूपेक्षा जरा खाली. आईने माझी वेणी रोज एका बाजूने भांग पाडून घातली, चट्ट्यावर पदर टाकावा तशी. शाळेत एकदा क्लिप निघाली आणि मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, 'हिच्या डोक्याला भोक आहे!' आठवडाभर मी शाळेत गेले नाही. बाईंनी घरी येऊन मला नेलं.

मला बघायला आले तेव्हा आई म्हणाली, सांगू नकोस. मी गजरा काढला आणि दाखवलं. मुलाने विचारलं, दुखतं का? मी म्हटलं नाही. त्याच्याशीच लग्न झालं.

पंचविशीत एका प्लास्टिक सर्जनना भेटले होते. म्हणाले, खाली फुगा ठेवून बाजूची केसांची कातडी हळूहळू ताणायची आणि चट्टा काढून टाकायचा, होईल. मी नाही केलं. पण तुमच्या मुलीला मोठेपणी करावंसं वाटलं तर रस्ता आहे, तो तिला निवडू द्या. आज तान्हेपणी ऑपरेशन केलंच पाहिजे असं, हाड शाबूत असताना, मला वाटत नाही. एक मात्र, आपल्याकडच्या उन्हात त्या जागेला टोपी किंवा पदर हवा, ती लवकर भाजते.

माझ्या मुलालाही तोच डाग, त्याच जागी, फक्त लहान. काही घराण्यांत असं चालत येतं म्हणे. त्याला सांगितलंय, ही आपल्या दोघांची खूण आहे.

सातरस्ता_मानसी | २७ एप्रिल, १८.३०

दीड महिन्याने येतेय, माफ करा. पुण्याला फोटो आणि सोनोग्राफी पाठवली होती. सर्जन म्हणाले ऑपरेशन नको, ड्रेसिंग चालू ठेवा, दर पंधरवड्याला मोजा. पहिले दहा दिवस काहीच हललं नाही. मग कडेने गुलाबी रेघ आत सरकायला लागली. बहीण दर बुधवारी फोटो काढते, शेजारी तोच एक रुपया ठेवून. आता मधे फक्त ज्वारीच्या दाण्याएवढी ओली जागा उरलीय. मधे एकदा थेंबभर रक्त दिसलं, रात्री दीडला दवाखान्यात गेलो, गॉज चिकटलं होतं एवढंच निघालं.

गजरेवाली, तुमची पोस्ट बहिणीने सासूबाईंना वाचून दाखवली. गोळीचंही तिनेच सांगितलं, मला बोलावं लागलं नाही. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'मला पण थायरॉइड आहे, मी कधी कुणाला बोलले नाही.' दुसऱ्या दिवसापासून मालिश त्या स्वतः करतात. परवा मी बघत होते. पाय, पाठ, छाती, आणि शेवटी डोकं. कोमट तेलाचं बोट टाळूभोवती गोल फिरवतात, नाण्याएवढी जागा बरोबर सोडून.

एक विचारायचं राहिलं. जावळ कधी काढायचं?

एसएनसीयूवाली | २७ एप्रिल, १९.०२

पूर्ण सुकून वर कातडी धरेपर्यंत नाही. त्यानंतरही वस्तरा नको, कात्री चालेल, आणि न्हाव्याला आधी जागा दाखवायची. घाई कशाला, पुढच्या वर्षी काढा.

पूर्वभागातला | २७ एप्रिल, २३.४०

ताई, मऊ लुगड्याचे तुकडे हवे असतील तर माझ्याकडे धुऊन, उकळून, घड्या घालून ठेवलेले आहेत. निरोप पाठवा, सातरस्त्याला आणून देतो.